वेगापेक्षा व्होल्टेज महत्त्वाचे
जुन्या संगणकाचा वेग कमी केला की वीज वाचते, हा समज अर्धाच खरा आहे. इंटेलने २००० साली लॅपटॉपच्या पेंटियम-३ प्रोसेसरमध्ये ‘स्पीडस्टेप’ तंत्र आणले. बॅटरीवर चालताना वेग ६५० मेगाहर्ट्‌झवरून ५०० वर येई आणि व्होल्टेजही १.६ वरून १.३५ होई. प्रोसेसरची वीज वेगाच्या, तसेच व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे वेग २३ टक्के घटला, तरी या हिशेबाने विजेची गरज सुमारे ४५ टक्क्यांनी उतरते.

पेंटियम-४ च्या अनेक डेस्कटॉप संगणकांत मात्र व्होल्टेज तेच ठेवून केवळ घड्याळाचे ठोके गाळण्याची सोय होती. तेथे काम लांबते, बचत फारशी होत नाही. असा संगणक संथ करण्यापेक्षा काम संपताच बंद करणे हिताचे.