थांबायला हवेत थोडे मिलिमीटर

उतारावरून आलेली माउंटन बाइक खडकाच्या कडेवरून सुटते आणि मीटरभर खाली जमिनीवर आदळते. आदळताना तिचा खाली येण्याचा वेग ताशी 16 किलोमीटर असतो. तो शून्यावर येणारच. किती अंतरात येतो, यावर सगळं अवलंबून आहे. हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. पडण्याच्या उंचीला थांबण्याच्या अंतरानं भागलं, की सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बसला ते कळतं. मीटरभर पडणं आणि 15 सेंटिमीटर दबणारा फोर्क (पुढच्या चाकाचा चिमटा) असेल, तर उत्तर साधारण पावणेसात पट. तेच थांबणं दोन सेंटिमीटरमध्ये उरकलं, तर 50 पट.

फोर्क, मागचा शॉक, टायर, हेल्मेट, गुडघ्याचे पॅड अशी दुकानात वेगवेगळ्या रॅकवर मांडलेली ही सगळी मंडळी एकच माल विकत असतात: थांबायला थोडं जास्तीचं अंतर. त्यांच्यात फरक दोनच गोष्टींचा. दबल्यावर ऊर्जा कुठे जाते, आणि तो भाग पुन्हा दबायला तयार होतो की नाही. खरेदीला जाताना हे दोन प्रश्न डोक्यात असले, तर किमतीच्या पाट्या वाचणं बरंच सोपं होतं.

धुराची शर्यत

या खेळाची सुरुवात सस्पेन्शनशिवायच झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या परिसरात, काही तरुण जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली घेऊन कच्च्या रस्त्यानं डोंगर उतरायचे. ऑक्टोबर 1976 मध्ये त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटरमध्ये सुमारे 400 मीटरचा उतार. सायकलींना मागच्या हबमध्ये बसवलेले, पेडल उलटं फिरवून लागणारे ब्रेक होते. खाली पोचेपर्यंत ते इतके तापायचे, की हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि ते नव्यानं भरावं लागायचं. शर्यतीचं ‘रीपॅक’ हे नावही त्यावरूनच पडलं. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही माउंटन बाइकच्या इतिहासातली नावं याच टोळक्यातली. त्यांचं सस्पेन्शन म्हणजे फुगीर टायर आणि स्वतःचे कोपर-गुडघे.

मोटोक्रॉसच्या जगातून आलेल्या पॉल टर्नर यांनी 1989 च्या सुमारास रॉकशॉक्स कंपनी सुरू करून सायकलसाठी आरएस-1 हा फोर्क आणला. त्याचं ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याचं एकूण अंतर, 5 सेंटिमीटरही नव्हतं. 1990 मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा ग्रेग हर्बोल्ड यांनी हाच फोर्क लावून डाउनहिलचं विजेतेपद मिळवलं. आज क्रॉस-कंट्री सायकलींना 100 ते 120 मिलिमीटर, ट्रेल सायकलींना 120 ते 150, एन्ड्युरोला 150 ते 170 आणि डाउनहिलला 200 मिलिमीटर ट्रॅव्हल असतं.

स्प्रिंग साठवते, डॅम्पर खर्च करतो

स्प्रिंगचा स्वभाव घेतलेलं सगळं परत करण्याचा. नुसत्या स्प्रिंगवर बसवलेलं चाक दगडावर आदळलं, की दबतं आणि तितक्याच त्वेषानं उसळतं. स्वस्त सायकलींच्या चिमट्यात पुष्कळदा एवढंच असतं: लोखंडी स्प्रिंग, फार तर रबराचा एखादा तुकडा. दुकानात तो दाबून दाखवतात तेव्हा छान वाटतो. ट्रेलवर मात्र हँडल हातातून उडवायला बघतो.

चांगल्या फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जोडीला डॅम्पर असतो. दबताना आणि उघडताना पिस्टन तेलातून जातो, तेलाला बारीक छिद्रांमधून आणि पोलादाच्या पातळ चकत्यांच्या फटींमधून वाट काढावी लागते आणि गतिज ऊर्जेची उष्णता होते. रीपॅकच्या हबमध्ये धूर होऊन जे व्हायचं, तेच इथे बंद नळीत, बेतानं होतं. लांब उतारानंतर मागच्या शॉकला हात लावला तर तो कोमट किंवा चांगलाच गरम लागतो.

स्प्रिंगमध्ये मुख्य निवड दोन प्रकारांतली. पोलादी कॉइल हूकच्या नियमानं चालते: दुप्पट दाबायला दुप्पट बल. ती हळवी असते, कारण तिला हवा कोंडून ठेवणाऱ्या सीलचं घर्षण नसतं. पण ती जड असते आणि आपल्या वजनाला जुळली नाही, तर बदलूनच घ्यावी लागते. हवेची स्प्रिंग बॉइलच्या नियमाला बांधलेली. कोंडलेल्या हवेचं आकारमान निम्मं झालं की दाब दुप्पट, एक तृतीयांश झालं की तिप्पट. म्हणून शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये ती झपाट्यानं कडक होत जाते आणि मोठ्या उडीनंतर फोर्क तळाला ठोकत नाही. हवेच्या कप्प्यात प्लास्टिकचे छोटे तुकडे, म्हणजे टोकन, टाकून हा शेवटचा कडकपणा वाढवता येतो. घरात एकच सायकल 55 किलोची बहीण आणि 80 किलोचा भाऊ चालवणार असतील, तर हवेचाच फोर्क घ्यावा. पंपाच्या दोन-चार दाबांत वजनाचा फरक भरून निघतो.

पंप मात्र शॉकचाच हवा. फोर्कमध्ये साठ-ऐंशी पीएसआय भरतात, मागच्या शॉकमध्ये दोनशेच्या आसपासही जावं लागतं. 60 मिलिमीटर दबणारा शॉक चाकाला 150 मिलिमीटर हलू देत असेल, तर त्याच्यावर चाकाच्या अडीच पट बल येतं. त्यात हवा इतकी थोडी असते, की टायरच्या पंपानं तो भरायला जाणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

दुकानदार सांगत नाही ती दहा मिनिटं

फोर्क कितीही भारी असो, तो आपल्या वजनाला लावून घेतला नाही तर पैसे वाया. लावायचं कसं? नेहमीचा सगळा जामानिमा अंगावर चढवा: बूट, हेल्मेट, भरलेली पाण्याची पिशवी. फोर्कच्या चकचकीत नळीवर रबराचं एक बारीक कडं असतं, ते खाली सीलपर्यंत सरकवा. भिंतीचा आधार घेऊन पेडलवर उभे राहा, धक्का न देता खाली उतरा, आणि सीलपासून कडं किती वर गेलं ते पट्टीनं मोजा. 130 मिलिमीटरच्या फोर्कवर ते 26 मिलिमीटर वर गेलं असेल, तर सॅग, म्हणजे नुसत्या वजनानं होणारं दबणं, 20 टक्के झाला. फोर्कला साधारण 15 ते 20 टक्के आणि मागच्या शॉकला 25 ते 30 टक्के ठेवतात. कमी आला तर हवा थोडी सोडायची, जास्त आला तर भरायची.

नुसतं उभं राहून इतकं ट्रॅव्हल का घालवायचं? चाकाला वर जायला जागा लागते, तशीच खड्ड्यात खाली जायलाही लागते. सॅग नसेल तर प्रत्येक खड्ड्यावरून टायर क्षणभर हवेत राहतो, आणि हवेतल्या टायरला ना ब्रेक लागत ना वळण घेता येत. बूड सुखात ठेवणं हे सस्पेन्शनचं दुय्यम काम आहे. पहिलं काम टायरला जमिनीला चिकटवून ठेवण्याचं.

पुढची पायरी रीबाउंडची, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगानं उघडतो याची. बहुतेक फोर्कना त्यासाठी तळाशी लाल गुंडी असते. ताशी 18 किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला 5 मीटर वेगानं जाताना अर्ध्या अर्ध्या मीटरवर दगड असतील, तर सेकंदाला दहा धक्के बसतात. दोन धक्क्यांमध्ये फोर्कला सेकंदाचा दहावा भाग मिळतो. तेवढ्यात तो उघडला नाही तर पुढचा धक्का अर्धवट दबलेल्या अवस्थेत बसतो, मग त्याच्या पुढचा आणखी दबलेल्या, आणि 150 मिलिमीटरचा फोर्क 50 मिलिमीटरसारखा वागू लागतो. सह्याद्रीत पायऱ्या-पायऱ्यांचा कातळ उतरताना मनगटं भरून आली, तर फोर्क बदलण्याआधी ही गुंडी ससा काढलेल्या दिशेला एक-दोन टिचक्या फिरवून बघावी.

जास्त म्हणजे चांगलं नव्हे

मग सरळ 170 मिलिमीटरचाच फोर्क का घेऊ नये? एक कारण वजन. दुसरं असं, की लांब फोर्क लावला की सायकलचं तोंड वर होतं, चढावर पुढचं चाक भरकटतं, आणि आखूड फोर्कसाठी बनवलेल्या फ्रेमच्या डोक्याशी असलेल्या जोडावर जादा ताण येतो. फ्रेम बनवणारे कमाल ट्रॅव्हल सांगतात, ते यासाठीच. पुण्याभोवतीच्या टेकड्या असोत वा घाटातल्या बैलगाडीच्या वाटा, अशा ठिकाणी 100 ते 130 मिलिमीटरचा डॅम्परवाला हवेचा फोर्क आणि मागे सस्पेन्शन नसलेली हार्डटेल पुरेशी होते. त्याच पैशांत मिळणारी पुढे-मागे सस्पेन्शनची स्वस्त सायकल दोन्हीकडे निकृष्ट भाग घेऊन येते, आणि सांभाळायला सांधे व बेअरिंग जास्त.

फोर्क घेताना नळीची जाडीही बघावी. 32 मिलिमीटरच्या नळ्या हलक्या, 34 ते 36 च्या बऱ्याच ताठ. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे दिसायला चार मिलिमीटरचा फरक ब्रेक दाबताना मोठा जाणवतो. वजनदार स्वारानं इथे कंजुषी करू नये.

सगळ्यांत स्वस्त सस्पेन्शन टायरमध्ये आहे. 2.3 इंची ट्यूबलेस टायर 25 पीएसआयच्या आसपास चालवता येतो आणि लहान खडे तो फोर्कपर्यंत पोचूच देत नाही. आत ओतलेलं सीलंट बाभळीच्या काट्यांची छिद्रंही बुजवतं, हा आपल्याकडे मोठाच फायदा.

एकदाच वापरायचे मिलिमीटर

हेल्मेटमध्ये हाच हिशोब जीवघेण्या आकड्यांत येतो. युरोपच्या ईएन 1078 या मानकाच्या चाचणीत आत कृत्रिम डोकं बसवलेलं हेल्मेट सपाट पोलादी ऐरणीवर सेकंदाला 5.42 मीटर वेगानं आपटतात. हा वेग दीड मीटरवरून पडण्याचा. आतल्या डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाच्या 250 पटींच्या पुढे जाता कामा नये. अमेरिकेच्या मानकात उंची दोन मीटर आणि मर्यादा 300 पट. उघडं डोकं दगडावर दोन-तीन मिलिमीटरमध्ये थांबेल. दीड मीटरला तीन मिलिमीटरनं भागलं की 500 पट येतात. हेल्मेटचा फोम दोन सेंटिमीटर चिरडला गेला, तर सरासरी 75 पट.

चिरडला जाणं हेच त्या फोमचं काम. तो पॉलिस्टायरीनचा असतो, नव्या टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा. त्याच्या बारीक पोकळ्या फुटताना ऊर्जा खातात आणि परत काहीच देत नाहीत. डोक्याला उसळी नकोच असते, त्यामुळे इथे हा दोष गुण ठरतो. पण फुटलेल्या पोकळ्या पुन्हा भरत नाहीत. वरचं कवच शाबूत दिसलं, तरी आतल्या पॅडच्या पट्ट्या काढून फोम उजेडात धरावा. केसासारखी चीर किंवा अंगठ्याला लागणारी दबलेली जागा सापडली, की ते हेल्मेट संपलं. जोरात आपटलेल्या हेल्मेटवर चीर दिसली नाही, तरी ते निकालात काढावं.

सायकलवरून पडताना डोकं सहसा सरळ न आपटता तिरकं घासत आदळतं आणि त्याला गिरकी बसते. मेंदूला ही गिरकी विशेष घातक. स्वीडनचे न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे पीटर हालडिन यांनी 1990 च्या दशकात यावर काम सुरू केलं. त्यातून मिप्स आलं: हेल्मेटच्या आत सरकणारा एक पातळ थर, जो धक्क्याच्या क्षणी कवचाला डोक्याभोवती दहा-पंधरा मिलिमीटर फिरू देतो. पुन्हा मिलिमीटरच, फक्त आडवे. मोटारसायकलचं हेल्मेट मात्र इथे चालवू नये. ते किलोभर किंवा त्याहून जड असतं, चढावर डोकं उकळतं आणि ते काढून हँडलला लटकवलं जातं. हनुवटी झाकणारं फुल-फेस डाउनहिलसाठी. त्यावर एएसटीएम एफ1952 हे मानक बघावं.

गुडघ्या-कोपराच्या पॅडमध्ये तिसरी जात भेटते. ब्रिटनमध्ये रिचर्ड पामर यांनी विकसित केलेल्या डी3ओसारख्या पदार्थांना सावकाश वाकवलं तर ते मऊ असतात आणि फटका बसला की क्षणात कडक होतात. कॉर्नफ्लोअर पाण्यात घट्ट कालवून त्यात बोट हळू घातलं तर बुडतं आणि मूठ आपटली तर अडते, तशातलाच प्रकार. त्यामुळे पेडल मारताना गुडघा मोकळा राहतो, आणि असा पॅड लहानसहान पडण्यातून पुन्हा वापरता येतो. ईएन 1621-1 या मानकात पॅडवर 50 ज्यूलचा फटका मारतात, म्हणजे 5 किलोचं वजन मीटरभरावरून सोडल्याइतका. पलीकडे पोचणारं सरासरी बल 35 किलोन्यूटनच्या आत राहिलं तर लेव्हल 1, वीसच्या आत राहिलं तर लेव्हल 2. पण आकड्याआधी माप. पॅड चढवून दुकानातच दोन-चार उठाबशा काढा, मग तळहातानं तो बाजूला ढकलून पाहा. सरकला तर पडतानाही सरकेल. उन्हाळ्यात लेव्हल 2 चा जाड पॅड पाठपिशवीत जाणार असेल, तर पायावर राहणारा लेव्हल 1 बरा. पूर्ण बोटांचे हातमोजे मात्र पहिल्या दिवसापासून हवेत, कारण पडताना हात आपोआप पुढे जातो.

जुनं काय घ्यावं

नव्या फोर्कच्या किमती पाहून बरेच जण जुन्या मालाकडे वळतात. सुरुवातीचे दोन प्रश्न इथे उपयोगी पडतात. फोर्क पुन्हा पुन्हा दबण्यासाठीच बनवलेला आहे. त्याचं तेल आणि सील बदलता येतात. खालच्या नळ्यांची सर्व्हिस साधारण दर 50 तासांनी करायचीच असते, आपल्या लाल मातीत आणि पावसाळी चिखलात त्याआधीही. म्हणून जुना फोर्क घ्यायला हरकत नाही. नळीवरून नख फिरवून पाहावं. नखाला ओरखडा लागला, तर तो प्रत्येक फेरीत सील कापत राहणार, तेव्हा सोडून द्यावा. हेल्मेटचे मिलिमीटर एकदाच खर्च होतात आणि झाले की नाही ते बाहेरून कळत नाही, म्हणून दुसऱ्याचं जुनं हेल्मेट फुकट मिळालं तरी घेऊ नये. पैसे मोजकेच असतील, तर जुना फोर्क आणि नवं हेल्मेट. उलट करणाऱ्यानं हिशोब उलटा केला.