भाग ५ : रॉकेट दिसलं, पण कोणत्या पायथनवर?

गेल्या आठवड्यात आपण जँगो बसवलं, नवं प्रोजेक्ट सुरू केलं आणि ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ चा ८००० क्रमांकाचा पोर्ट उघडल्यावर रॉकेटचं चित्र पाहिलं. बहुतेक व्हिडिओ इथंच तुमचं अभिनंदन करून पुढच्या विषयाकडे वळतात. मला ती घाई वाटते. रॉकेट दिसलं याचा अर्थ एवढाच, की तुमच्या लॅपटॉपवरच्या कुठल्यातरी पायथनला कुठलंतरी जँगो सापडलं. कोणत्या पायथनला, कोणतं जँगो, आणि उद्या सर्व्हरवरही तेच सापडेल का, याचं उत्तर त्या चित्रात नाही.

लोकल सेटअपला दोन उलट्या दिशांची कामं एकाच वेळी करायची असतात. तुमचं प्रोजेक्ट लॅपटॉपवरच्या बाकीच्या गोष्टींपासून तोडायचं, आणि ज्या सर्व्हरवर ते पुढे चालणार आहे त्याच्याशी मात्र जमेल तितकं जुळतं ठेवायचं. नवे लोक पहिलं काम अर्धवट करतात आणि दुसरं विसरतात.

तोडण्याचं काम व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करतं. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, त्यासाठी लागणारं व्हेनव्ह पायथनसोबतच येतं. त्यात जादू काही नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आणखी एक फोल्डर तयार होतो. त्यात मूळ पायथनकडे बोट दाखवणारी एक फाइल असते, लायब्ऱ्या ठेवायला वेगळी जागा असते आणि ‘अ‍ॅक्टिव्हेट’ नावाची एक छोटी स्क्रिप्ट असते. ही स्क्रिप्ट मुख्यतः एकच गोष्ट करते : टर्मिनल प्रोग्राम शोधताना ज्या फोल्डरांच्या यादीतून जातं, त्या ‘पाथ’च्या अगदी सुरुवातीला आपला फोल्डर ठेवते. म्हणून ‘पायथन’ लिहिलं की आधी आतला पायथन सापडतो. टर्मिनल बंद केलं की तो बदलही गेला. दुसऱ्या दिवशी नवं टर्मिनल उघडून ‘काल तर चालत होतं’ म्हणणाऱ्यांचं बहुधा इथंच अडलेलं असतं.

‘जँगो नावाचं मॉड्यूल नाही’ ही तक्रारही त्याच घरातली. लायब्ऱ्या बसवणारं पिप एका पायथनचं आणि प्रोग्राम चालवणारा पायथन दुसरा. जँगो बसलेलं असतं, फक्त शेजारी. एडिटरनेही स्वतःचा वेगळाच पायथन निवडून ठेवलेला असू शकतो, तेव्हा तिथंही एकदा बघा. पिप थेट चालवण्याऐवजी पायथनलाच ‘एम’ पर्याय देऊन त्याच्यामार्फत पिप चालवायची सवय लावली, तर निम्मे घोटाळे होतच नाहीत. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे’ असा लाल मजकूर आला तर घाबरू नका. ते पॉवरशेलचं सुरक्षा धोरण आहे, जँगोशी त्याचा संबंध नाही. ते फक्त स्वतःच्या यूजरपुरतं सैल करता येतं. तेही नको असेल तर अ‍ॅक्टिव्हेट न करता फोल्डरच्या आतला पायथन पूर्ण पत्ता देऊन चालवा. काम तेच होतं.

उबंटू वापरणाऱ्यांना वेगळा अनुभव येईल. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये काही बसवायला सरळ नकार देतं, कारण ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची साधनं त्याच पायथनवर चालतात. त्यावर लोक एक पर्याय सुचवतात, त्याचं नाव ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’. ज्याच्या नावातच धोक्याची पाटी आहे तो पर्याय कॉपी करून चिकटवण्यात काय शहाणपण?

हा एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर मित्राला द्यायचा नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टांत सगळं झिप करून पेनड्राइव्हवर देण्याची पद्धत अजून आहे. त्या झिपमधला हा फोल्डर दुसऱ्या मशीनवर निरुपयोगी असतो, कारण त्याच्या स्क्रिप्टांमध्ये तुमच्या मशीनवरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असतात. स्वतःच्याच लॅपटॉपवर तो दुसरीकडे हलवला तरी मोडतो. द्यायची ती लायब्ऱ्यांची यादी, म्हणजे रिक्वायरमेंट्सची फाइल, आणि तीही आवृत्त्यांसकट. जँगो ५.० पासून किमान पायथन ३.१० लागतं, ४.२ ला मात्र ३.८ चालत होतं. यादीत नुसतं ‘जँगो’ लिहिलं आणि सर्व्हरवर उबंटू २०.०४ सोबत आलेलं पायथन ३.८ असलं, तर पिप तिथं निमूटपणे ४.२ बसवेल. ना एरर, ना तक्रार. तुम्ही घरी ५.२ वर लिहिलेलं पान तिथं का पडतं हे शोधण्यात मग एक संध्याकाळ जाते.

आता सेटिंग्जची फाइल उघडा. वरच्या भागातल्या तीन ओळी महत्त्वाच्या आहेत. ‘सीक्रेट की’ने जँगो सेशन आणि पासवर्ड बदलण्याच्या लिंकांवर सही करतं. नव्या प्रोजेक्टमध्ये ही की ‘जँगो-इनसिक्युअर’ या शब्दांनी सुरू होते, म्हणजे ती फक्त घरी वापरायची. ‘डिबग’ सुरू असताना चूक झाली की कोडच्या ओळी आणि बऱ्याच सेटिंग्ज ब्राउझरमध्ये दिसतात. घरी ती सोय असते, सर्व्हरवर मात्र घराची चावी दारातच टांगून ठेवल्यासारखं होतं. तिसरी ओळ ‘अलाउड होस्ट्स’. ती रिकामी असली तरी डिबग सुरू असेपर्यंत लोकलहोस्ट चालतं. डिबग बंद केलं आणि ती रिकामीच राहिली, तर जँगोचा घरचा सर्व्हर, म्हणजे रनसर्व्हर, सुरूच होत नाही.

या किमती कोडमध्ये न ठेवता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्यायच्या आणि त्यांची फाइल गिटमध्ये जाऊ द्यायची नाही, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो योग्यच आहे, पण त्यात एक खड्डा आहे. व्हेरिएबलमधून येतो तो नेहमी मजकूर. ‘फॉल्स’ हा शब्द मजकूर म्हणून आला तर पायथनच्या लेखी तो रिकामा नाही, म्हणून खराच. तुम्ही डिबग बंद केल्याच्या समाधानात असता आणि तो सुरूच असतो. आलेला शब्द नेमका ‘ट्रू’ आहे का, अशी तुलना करूनच किंमत ठरवा.

डेटाबेसच्या बाबतीत माझं मत काहींना टोकाचं वाटेल. जँगो सुरुवातीला एसक्यूलाइट देतं. एका फाइलमध्ये मावणारा हा डेटाबेस शिकायला उत्तम आहे. पण सर्व्हरवर पोस्टग्रेस वापरायचं ठरलं असेल, तर घरीही पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेसच ठेवा. मराठी मजकूर असेल तर जास्तच. एक उदाहरण घ्या. जिल्ह्याच्या नावासाठी तुम्ही कमाल १५ अक्षरांचा रकाना केला. ‘औरंगाबाद’ त्यात आरामात बसायचं. आता ‘छत्रपती संभाजीनगर’. डोळ्यांनी मोजलं तर अक्षरं १०, मधली जागा धरून ११. युनिकोडमध्ये मात्र मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांची मोजणी वेगळी होते, म्हणून ते नाव १७ चं भरतं. अ‍ॅडमिनच्या फॉर्ममधून भरलं तर जँगो स्वतःच अडवेल. पण एखाद्या स्क्रिप्टने जिल्ह्यांची यादी थेट सेव्ह केली, तर ही तपासणी होत नाही. एसक्यूलाइट लांबीची मर्यादा पाळत नाही, त्यामुळे १७ ही मुकाट्याने घेतो. तीच स्क्रिप्ट पोस्टग्रेसवर थांबते : किंमत रकान्यापेक्षा लांब आहे. घरी जे कधी दिसलंच नाही ते सर्व्हरवर पहिल्या दिवशी समोर येतं.

फाइलींच्या नावांचंही असंच. विंडोजवर लोगोच्या फाइलचं पहिलं इंग्रजी अक्षर मोठं की लहान याने सहसा फरक पडत नाही. लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइली, आणि चित्र गायब. सगळी नावं लहान लिपीत ठेवा, विषय संपला.

वेळेचं मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. नव्या प्रोजेक्टचा टाइमझोन यूटीसी असतो. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळात टाकलेल्या बातमीवर आदल्या दिवशीची तारीख पडते. सेटिंग्जमध्ये ‘एशिया/कोलकाता’ लिहा. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच साठवली जाईल आणि दाखवताना आपली होईल. बातमीचं उदाहरण मुद्दाम घेतलं. जँगो मुळात एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडलं. कॅन्सस राज्यातल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’मध्ये एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये त्याची सुरुवात केली आणि २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं.

राहिला रनसर्व्हर. फाइल सेव्ह केली की तो आपोआप पुन्हा सुरू होतो, म्हणून घरी तो आवडतो. खऱ्या सर्व्हरवर तो वापरू नका असं जँगोचे कर्तेच बजावतात, कारण त्याची सुरक्षेची वा वेगाची कसून तपासणी झालेली नाही. आपलं पान मोबाइलवर बघायचं असेल तर १२७.०.०.१ उपयोगी नाही, तो पत्ता प्रत्येक यंत्राचा स्वतःपुरता असतो. रनसर्व्हर ०.०.०.० वर सुरू करा, लॅपटॉपचा वायफायवरचा पत्ता अलाउड होस्ट्समध्ये घाला आणि तोच पत्ता, पोर्टसकट, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये टाका. तरी दिसलं नाही तर विंडोजचं फायरवॉल बघा. हे घरच्या वायफायवर करा, कॅफेच्या नको.

डॉकरबद्दल वाचक विचारतात. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सगळं डॉकरमध्ये घालण्याचा हट्ट मी धरणार नाही. पोस्टग्रेस नीट बसत नसेल तर तेवढंच डॉकरमध्ये चालवा.

पुढच्या भागात मॉडेल लिहायला घेऊ. त्याआधी एक काम करा : एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर सरळ डिलीट करा. कोडला त्याने काही होत नाही. मग तो नव्याने तयार करा, रिक्वायरमेंट्सच्या फाइलमधून सगळं बसवा आणि रनसर्व्हर चालवा. काही सापडत नाही अशी तक्रार आली, तर जे राहिलं ते आवृत्तीसकट यादीत लिहा आणि फोल्डर पुन्हा एकदा डिलीट करा.