‘आधी पोट, मग गोदावरी’: पंचवटीतला एक जुनाट गैरसमज

नाशिकच्या पंचवटी कारंज्यावर चहाचा ग्लास हातात असताना, शेअर रिक्षात, लग्नाच्या पंगतीत मी एकच वाक्य वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. “पर्यावरण वगैरे ठीक आहे हो, पण आधी पोटाचं बघायला नको का?” नोव्हेंबर २०२५ मध्ये तपोवनातल्या सुमारे १,८०० झाडांवर सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तोडीच्या खुणा झाल्या, लोक रस्त्यावर उतरले, आणि तेव्हापासून हे वाक्य दिवसाआड कानावर येतं. बोलणाऱ्याचा आव असा, की आपण व्यवहाराचं बोलतोय आणि समोरचा कविता करतोय. मला राग येतो तो एवढ्याचसाठी, की या वाक्यात व्यवहाराचाच हिशेब चुकलेला आहे.

पंचवटीचं पोट चालतं कशावर, ते एकदा मोजू या. रामकुंडावर विधी सांगणारे गुरुजी, यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या सांभाळणारे तीर्थपुरोहित, फुलं-नारळवाले, तांब्या-पितळेचे गडू विकणारे, लॉज, धर्मशाळा, खानावळी, काळाराम-सीतागुंफा-तपोवन अशी फेरी मारून आणणारे रिक्षावाले, घाटावर बुधवारच्या बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या. या सगळ्यांचं भांडवल एकच आहे: वाहती नदी. त्र्यंबकचा ब्रह्मगिरी ते बंगालचा उपसागर अशी जवळजवळ १,४६५ किलोमीटर वाहणारी ही नदी आपण ‘गंगा’ म्हणतो आणि भाविक त्या नावापायी येतो. इथे नदीला ‘पर्यावरण’ म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकणं म्हणजे किराणा दुकानदाराने गोदामातल्या मालाला निसर्गसौंदर्य म्हणण्यासारखं आहे.

पटत नसेल तर २०१६ साल आठवा. आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाच्या पर्वण्यांना रामकुंडात लाखोंनी डुबकी मारली होती. एप्रिल २०१६ मध्ये तेच रामकुंड कोरडं पडलं. वर्तमानपत्रांनी ‘१३९ वर्षांनंतर’ असे मथळे दिले. तो आकडा बाजूला ठेवला तरी घाटावरच्या म्हाताऱ्यांनीही असा उघडा तळ पाहिला नव्हता. मग तीर्थात टँकरने पाणी ओतावं लागलं. बाहेरगावाहून अस्थी घेऊन आलेल्या माणसाला टँकरच्या पाण्यासमोर उभं करताना काय वाटतं, ते तिथल्या एखाद्या गुरुजींना विचारा.

आणि मग ऑगस्टच्या सुरुवातीला त्याच गोदावरीला महापूर आला. घाटावरचा दुतोंड्या मारुती बुडाला, पाणी बाजारपेठेत शिरलं. चार महिन्यांत एकदा टँकर आणि एकदा पंप! पूर काही नवा नाही. १९६९ चा जुन्यांच्या तोंडी आहे, २००८ आणि २०१९ चे आपण पाहिले. पण प्रत्येक पुरानंतर गाळ उपसायचा खर्च, भिजलेला माल आणि वाहून गेलेल्या टपऱ्या हे कुणाच्या वहीत मांडायचं? सराफ बाजारातल्या पेढीला विमा असतो. पात्रात हातगाडी लावणाऱ्याला काय असतं? नदीचं नुकसान झालं की ते सगळ्यांना सारखं वाटून मिळत नाही. ज्याच्या गाठीला कमी, त्याच्या वाट्याला ते जास्त येतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रामकुंड केवळ काँक्रीटमुळे आटलं असं मी म्हणणार नाही. २०१५ चा पाऊस तुटपुंजा होता, गंगापूर धरणातलं पाणी पिण्यासाठी राखायचं होतं आणि धरणाखालची नदी उन्हाळ्यात सोडल्या पाण्यावरच जगते. पण मग नदीचं स्वतःचं म्हणून जे थोडं पाणी असतं, खडकाच्या भेगांतून पात्रात पाझरणारं, त्याची वाट आपण का बुजवली? २००३ च्या सिंहस्थाच्या वेळी कुंडांच्या तळांवर काँक्रीट पडलं. गोदाप्रेमी त्यासाठी न्यायालयात गेले, आणि पुढे काही कुंडांतलं काँक्रीट फोडून काढायची वेळ आली. घालायला पैसे, काढायला पैसे, दोन्ही आपल्याच घरपट्टीतून.

गंमत अशी, की राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हे सारं जमेच्या बाजूला पडतं. काँक्रीट ओतलं, उत्पादन वाढलं. फोडलं, पुन्हा वाढलं. टँकर फिरले, पुराचा गाळ उपसला, आणखी भर. आटलेल्या झऱ्याची वजावट मात्र कुठेच होत नाही. हे माझं तिरकस डोकं नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची आधुनिक पद्धत घडवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकेच्या संसदेला दिलेल्या अहवालात बजावलं होतं, की या आकड्यावरून देशाचं कल्याण जोखता येणार नाही. पुढे त्यांना अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. तेव्हा ‘अर्थशास्त्र कळत नाही’ हा टोमणा कृपा करून दुसऱ्या कुणाला मारा.

“पण सिंहस्थाने काम मिळतं त्याचं काय?” मिळतं, नाकारतो कोण? साधूंना जागा हवी हेही खरं. पण साधुग्राम बारा वर्षांत काही महिने उभं राहतं, आणि झाड दर एप्रिलला कामावर असतं. सावली देतं, माती धरतं, पावसाचं पाणी जमिनीत मुरवतं. ‘एकाच्या बदल्यात दहा लावू’ हे तर सर्वांत स्वस्त आश्वासन. जुन्या झाडाचा पसारा दहा काठ्यांची बेरीज करून येत नाही, आणि रोप जगलं की नाही हे पाहायला तिसऱ्या उन्हाळ्यात कोणी फिरकत नाही. या वेळी रोपं आणायला थेट आंध्रातलं राजमहेंद्री गाठलं गेलं. तेही गोदावरीकाठचंच गाव, एवढाच काय तो दिलासा. डिसेंबरात हरित लवादाने तोडीला स्थगिती दिली, तेव्हा ‘विकास अडवला’ अशी ओरड झाली. आधी जागेचे पर्याय तपासून मग खुणा केल्या असत्या, तर अडवायला उरलं काय असतं?

बाकीचे गैरसमज चटकन उरकतो.

‘वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं.’ होतं, पण त्याला प्रवाह आणि प्राणवायू दोन्ही लागतात. धरणाखाली उन्हाळ्यात प्रवाहच उरत नाही. पाणवेलींचा हिरवा गालिचा म्हणजे सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर पोसलेलं पीक.

‘घाण करतात ते कारखाने.’ कारखान्यांना सोडू नकाच. पण आपल्या शहरांतून नद्यांत जाणाऱ्या घाण पाण्यात मोठा वाटा घराघरांतल्या मोऱ्या-संडासांचा असतो, तुमच्या-माझ्या.

‘निर्माल्य नैसर्गिकच असतं.’ कुजताना ते पाण्यातला प्राणवायू खातं. माशाला फूल कुठल्या देवाचं होतं ते कळत नाही.

‘नदी आमची, आम्ही बघून घेऊ.’ हेच पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरला जातं, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं, आणि तिथून जायकवाडीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या नळाला.

पुढचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. त्याआधी पंचवटीतल्या प्रत्येक दुकानदाराने एक सकाळ मोडून पूररेषेचा नकाशा बघून यावा. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. आपलं शटर कुठल्या रेषेच्या आत येतं ते पाहावं, आणि मग मला सांगावं की आधी पोट की आधी नदी.