जुन्या पिकअपची वायरिंग : सामान बदलण्याआधी जोड तपासा



आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात जुनी डिझेल पिकअप आहे. बेणे, खताची पोती, जनावरांसाठी वाढे, वेळप्रसंगी घरचा आजारी माणूस, सारे काही तिच्यावरच चालते. हंगामात या गाड्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. सेल्फ मारत नाही, दिवे मंद पडले, बॅटरी बसली. मग घाईने नवी बॅटरी आणली जाते आणि आठ दिवसांत पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. जुन्या गाडीत दोष पुष्कळदा सामानात नसतो, जोडात असतो. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी काय पाहावे, ते येथे क्रमाने देत आहोत.

अर्थ म्हणजे काय? बॅटरीतून वीज तारेने दिव्याकडे जाते, पण परत येते ती चासीच्या लोखंडातून. या परतीच्या वाटेला अर्थ म्हणतात. चिखल, पाणी आणि फुटक्या पोत्यातून सांडलेले खत यांनी अर्थचे बोल्ट गंजतात आणि वाट चोंदते. पाइपलाइन गाळाने भरली असताना नवी मोटर बसवून पाणी वाढत नाही, तसेच हे आहे.

१) आधी बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे उतरलेली समजावी. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असल्यास खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवावा, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. मग घासून, आवळून वर व्हॅसलीन लावावे. पाणी घालायचे ते फक्त डिस्टिल्ड.

२) मग अर्थ. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावावी व दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब आहे. बोल्ट काढून खालचा रंग व गंज खरवडावा आणि पुन्हा घट्ट बसवावा. काम दहा मिनिटांचे, पण यानेच कित्येक 'गेलेले' सेल्फ पुन्हा चालू होतात.

३) चार्जिंग. इंजिन थोड्या वेगात ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यावेत. कमी आल्यास आधी पट्टा ढिला आहे का ते इंजिन बंद करून पाहावे. चावी फिरवल्यावर चार्जिंगचा तांबडा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर बल्ब तपासा. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्या बल्बवाटेच अल्टरनेटरला सुरुवातीची वीज मिळते. यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की चार्जिंग नसतानाही बराच वेळ चालते, त्यामुळे दोष दिवसा कळत नाही. अंधार पडून दिवे लावल्यावरच तो उघडा पडतो.

४) मागचे दिवे. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो, असे दिसले तर त्या दिव्याचा अर्थ गेला आहे. दिव्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तात्पुरती तार जोडून पाहा. दिवा लख्ख झाला तर निदान पक्के. एका बाजूचा इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा बल्ब गेलेला असतो. जुन्या, तापून चालणाऱ्या फ्लॅशरमध्ये मात्र चाल उलट मंदावते.

५) रात्रीत बॅटरी उतरते. चावी काढून, दारे बंद करून निगेटिव्ह केबल सोडवावी. ती केबल आणि खुंटी यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरावा. लॅम्प चांगला पेटला तर कुठेतरी वीज झिरपते आहे. एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला लॅम्प विझेल त्या लाइनीत दोष आहे. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का, हेही पाहावे.

हे कदापि करू नये. फ्यूज उडाला म्हणून चांदीचा कागद किंवा साधी तार घालू नये. फ्यूज हा तारेचा राखणदार आहे. तो नसला तर तार तापते, आणि मागे पाचट किंवा वाळलेले वाढे असेल तर गाडीची होळी व्हायला वेळ लागत नाही. हेडलाइटचे ६० वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर घेतात. त्याजागी १०० वॅटचे घातले तर साडेसोळाच्या वर जातात आणि जुना स्विच वितळतो. दिवे मंद वाटत असतील तर मोठे बल्ब न घालता रिले बसवून घ्यावा. बॅटरीजवळ विडी-काडी नको. केबल काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना ती शेवटी. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून चार्जिंग 'तपासण्याची' रीत सोडून द्यावी, त्याने अल्टरनेटर जळतो. कॉम्प्युटर असलेल्या नव्या गाडीत मात्र टेस्ट लॅम्प खुपसू नये, ती जाणकाराकडेच न्यावी.

हंगामात आपले रस्ते रात्रंदिवस बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेले असतात. अशा वेळी मागचा दिवा बंद असलेली पिकअप म्हणजे अंधारात रस्त्यावर ठेवलेला धोंडाच. म्हणून गाळप सुरू होण्यापूर्वी एक सकाळ काढून वरील पाचही गोष्टी तपासून घ्याव्यात, ही सर्व सभासदांना आग्रहाची विनंती.