फुकटची शाळा, तरी बाक रिकामा का?

आजच्या भागात एक साधा प्रश्न घेऊया. सरकारी शाळेत फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारचं जेवणही मिळतं. मग गरिबाचं पोर शाळेतून गळतं कसं?

उत्तरासाठी बीड जिल्ह्यात जाऊ. इथून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आता कॅलेंडर बघा. शाळा भरते जून ते एप्रिल. कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, तो मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे मूल आईबापाबरोबर गेलं की अख्खं दुसरं सत्र बुडालं! असं दरवर्षी झालं, तर चौथी पास झालेलं मूल प्रत्यक्षात दोन-अडीच वर्षंच वर्गात बसलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, आईबाप नेतातच कशाला? तर ऐका. मुकादम आधीच पैसे देतो, त्याला 'उचल' म्हणतात. ती मिळते 'कोयत्या'ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. पैसे आजारपणात, लग्नात, जुन्या देण्यात जातात आणि मग टनावर ऊस तोडून फेडावे लागतात. दोघांनाही जावंच लागतं. घरी आजी असेल तर मूल मागे राहतं, नसेल तर तेही गाडीत बसतं. तिकडे फडात थोरली पोरगी धाकट्याला सांभाळते.

शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण, आणि पहिली ते पाचवीची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत. छान आहे. पण इथे घरच सहा महिने दुसरीकडे असतं, त्याचं काय?

यावर दोन उपाय झाले. एक, कारखान्याजवळची साखर शाळा. पण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलते, तशी शाळा हलत नाही. दुसरा, गावातलं हंगामी वसतिगृह. मूल गावातच राहतं, जेवणाची सोय होते, शाळा सुटत नाही. हा उपाय जास्त पटणारा आहे, पण सगळा खेळ वेळेचा. टोळी निघाल्यावर महिन्याभराने वसतिगृह सुरू झालं, तर जेवायला मूल उरणारच नाही. आणि आठवी पूर्ण झाली की कायद्याचा हा हक्कही संपतो.

तुमच्या गावाजवळ ऊसतोडीच्या कोप्या असतील, तर एवढं लक्षात ठेवा: दाखला नाही किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा या मुलांना प्रवेश नाकारू शकत नाही. पाचवीपर्यंत मूल वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसतं. बऱ्याच आईबापांना हे माहीतच नसतं. त्यांना सांगा, जमलं तर सोबत शाळेत जा.

भेटूया पुढच्या भागात!