डोंगर पाण्यात कसा उतरतो?

नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरी अडवून झालेला शंकरसागर जलाशय विस्तीर्ण आहे, काठावर काळेश्वराचे मंदिरही आहे. तरी पाण्यात मंदिराचे सलग, न थरथरणारे प्रतिबिंब टिपणे येथे सोपे नाही. याच जिल्ह्यात माहूरच्या डोंगरात मातृतीर्थासारखे लहान तळे मात्र अशा छायाचित्राला अधिक अनुकूल ठरते. वारा पाण्यावरून जितके अंतर अडथळ्याविना वाहतो, तितक्या लाटा वाढतात. मोठ्या जलाशयात त्याला मोकळे मैदान मिळते. डोंगराच्या कुशीतल्या तळ्यात ते मिळत नाही. त्यातही हिवाळ्यातली निरभ्र पहाट उत्तम. रात्रभर थंड झालेली जमिनीलगतची हवा जड होऊन स्थिरावते आणि ऊन तापू लागले की वारा सुटतो.

एवढ्याशा पाण्यात अख्खा डोंगर मावतो कसा? शिखर क्षितिजापासून ३० अंश उंच दिसत असेल आणि कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर वर असेल, तर शिखराकडून येणारा प्रकाश छायाचित्रकारापासून सुमारे २.६ मीटरवर पाण्याला स्पर्श करून कॅमेऱ्यात शिरतो. कॅमेरा १५ सेंटीमीटरवर आणला, की हे अंतर अवघे २६ सेंटीमीटर उरते. डोंगराचा पायथा टिपायला पाणी अधिक दूरवर हवे. पण कॅमेरा इतका खाली असेल तर पाच मीटरचे डबकेही पुरते. गुडघे टेकण्याची तयारी असलेला छायाचित्रकार मोठे तळे शोधत बसत नाही, तो यामुळेच.

प्रतिबिंब ही दृश्याची उलटी नक्कल असते, हा समज मात्र चुकीचा आहे. कॅमेरा पाण्याच्या जितका वर, तितकाच तो पाण्याखाली ठेवला असता जे दिसले असते, ते प्रतिबिंबात दिसते. म्हणून पलीकडच्या काठावरचे झाड प्रतिबिंबात मागच्या शिखराला अधिक झाकते आणि छज्जाची खालची बाजू वरच्या दृश्यापेक्षा पाण्यात अधिक दिसते. संगणकावर वरचा अर्धा भाग उलटा करून चिकटवलेली चित्रे नेमकी येथे पकडली जातात. त्यांत वरचे आणि खालचे काटेकोर सारखे असते. खऱ्या पाण्यात ते तसे क्वचितच असते. स्पर्धेच्या परीक्षकांनी आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्र विभागाने ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

उजेडाचे गणितही समसमान नाही. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर जेमतेम दोन टक्के प्रकाश परततो आणि तळच दिसतो. नजर पाण्याशी ३० अंशांचा कोन करते तेव्हा सुमारे ६ टक्के, तर १० अंशांवर सुमारे ४० टक्के प्रकाश परततो. त्यामुळे उंच शिखर पाण्यात बरेच काळवंडते, बुटकी टेकडी तुलनेने उजळ उमटते. आकाशाचा उजेड कमी करणारा, वरच्या बाजूला गडद असलेला फिल्टर येथे उपयोगी पडतो. ध्रुवक फिल्टर मात्र जपून वापरावा. निळे आकाश गडद करण्याच्या नादात तो फिरवताना प्रतिबिंबच पुसले जाण्याची भीती असते.

फोकसच्या बाबतीत नवख्यांची हमखास फसगत होते. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर ‘छापलेले’ नसते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते डोंगराइतकेच दूर असते. पृष्ठभागावरच्या पानावर फोकस केला, तर पान स्पष्ट आणि डोंगर धूसर येतो. दोन्ही हवे असतील तर छिद्र लहान करून तिपाई वापरावी, कारण पहाटे शटरला वेळ लागतो.

पावसाळ्यातले गढूळ पाणी अगदीच निकामी नसते. सपाट कोनातून तेही प्रतिबिंब देते, फक्त पाण्यातल्या मातीवरून परतणारा प्रकाश त्यात मिसळून चित्र फिकट होते. पण विष्णुपुरीच्या बंधाऱ्याखाली त्या दिवसांत पात्रात उतरून कॅमेरा टेकवू नये. दरवाजे उघडले की खालच्या बाजूला पाणी झपाट्याने चढते.