न्यायाधीश बदलून मागताना

कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : "हा जज्ज आपल्याला नको." ठाणे-कल्याणच्या कामगारवस्त्यांतून आम्ही ते पुष्कळदा ऐकले आहे. शिक्षण आमचे बेताचेच. परंतु कामगारांचे कागद सांभाळता सांभाळता कायद्याची जी थोडी ओळख झाली, तिच्या भरवशावर हा विषय आपल्यापुढे ठेवतो.

डोंबिवलीच्या आमच्या एका सहकाऱ्याचा राहत्या खोलीचा दावा चालू होता. न्यायाधीशांनी त्याला पुढची तारीख नाकारली, वर साक्षीदारालाही दटावले. संध्याकाळी तो तावातावाने युनियनच्या कचेरीत आला. "भाऊ, अर्ज लिहा. जज्ज समोरच्याला सामील आहे!" आम्ही विचारले, नाते आहे? देणेघेणे आहे? पूर्वी त्याचे वकीलपत्र घेतले होते? एकाचेही उत्तर त्याच्यापाशी नव्हते. अर्ज आम्ही लिहिला नाही. आठ दिवस तो आमच्याशी बोलला नाही.

तारीख नाकारणे हा फार तर चुकीचा हुकूम झाला. त्यावर वरच्या कोर्टात दाद मागता येते. पक्षपाताचा प्रश्न निराळा. त्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली माणकलाल खटल्यात सांगितली. निकाल लिहिला न्या. गजेंद्रगडकरांनी, म्हणजे बँक कामगारांना ज्यांचे नाव चांगले ठाऊक आहे त्यांनीच. राजस्थानातील एका वकिलाच्या चौकशीत, चौकशी मंडळाचे अध्यक्ष पूर्वी तक्रारदाराच्या वतीने वकील म्हणून उभे राहिले होते. न्यायालय म्हणाले, प्रत्यक्ष पक्षपात झाला हे सिद्ध करण्याची गरज नाही. पक्षकाराला तशी रास्त शंका यावी, एवढे पुरे. खटल्यात पैशाचा हितसंबंध असेल, तर तो कितीही लहान असला तरी न्यायाधीश अपात्र. मग माणकलाल जिंकला असेल, असे आपणास वाटेल. तो हरला! अध्यक्षांचा पूर्वसंबंध ठाऊक असून तो चौकशीभर गप्प राहिला आणि निष्कर्ष विरुद्ध गेल्यावर बोलला. हरकत वेळेवर न घेणाऱ्याने ती सोडून दिली, असे कोर्टाने धरले.

तेव्हा खरे कारण हाती असेल, तर ते कळल्याबरोबर त्याच न्यायाधीशांपुढे नम्रपणे मांडावे. पुष्कळ न्यायाधीश आपण होऊन बाजूला होतात. न झाले, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम २४ आहे. कल्याणच्या दिवाणी कोर्टातला दावा दुसरीकडे द्यावा, असा अर्ज ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात करता येतो. तेथे समोरच्याला नोटीस निघते, त्याचेही म्हणणे ऐकले जाते. अर्जात तारखा आणि घटना असाव्यात, विशेषणे नकोत. नागपूरच्या दोन वकिलांनी न्यायाधीशांवर आरोप करणाऱ्या अशाच एका बदलीअर्जावर सह्या केल्या. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो न्यायालयाचा अवमान ठरवला. पुरेसा आधार न पाहता सही करणारा वकीलही त्यातून सुटत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात नसते. वरून स्थगिती मिळेपर्यंत मूळ दावा थांबत नाही. अर्ज केला म्हणून घरी बसलेल्या माणसाविरुद्ध एकतर्फी हुकूम होऊ शकतो.

आमचा सहकारी नवव्या दिवशी आला. त्याला एवढेच सांगितले : पुढच्या तारखेला साक्षीदार घेऊन अकराच्या आत कोर्टात हजर राहा. तो साडेदहालाच जाऊन बसला.